टोपली, पाउलीना आणि दोन टर्बो

गाडी नेमकी ईस्टरच्या आदल्या दिवशी आली. पवित्र शनिवारी पाउलीना ग्रेश्कोच्या घरात देवाखेरीज कोणाला यायची मुभा नसे. हॅम भट्टीत होता, पास्काचे गोल पाव गार होत होते, लोण्याचं कोकरू फ्रीजमध्ये मान ताठ करून बसलं होतं. आणि खिडकीबाहेर, घराला लागूनच असलेल्या गाड्यांच्या दुकानाच्या आवारात, एक अजस्र ट्रक शिरला आणि त्याच्या पाठीवरून एक पिवळीधमक गाडी उतरायला लागली.

दुकानाच्या पाटीवर ‘ग्रेश्को आणि मुलगे’ असं लिहिलेलं होतं. ही पाटी ओन्द्रेयने लग्नाच्या वर्षी, म्हणजे एकही मूल झालं नव्हतं तेव्हा, मोठ्या उमेदीने रंगवून घेतली होती. मग झाली डोलोरेस. त्यानंतर रेजिस. मुलगे हे अनेकवचन तसंच राहिलं. रंगाऱ्याचे पैसे आधीच दिले होते.

“ही कोणी मागवली?” ओन्द्रेय आवारात उभा राहून गरजला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मागच्या आठवड्यात तीच पाटी पुसायला शिडीवर चढला आणि पाटीच्या आधी खाली आला.

“मी नाही,” रेजिस तत्परतेने म्हणाला. “मी दुकान विकायच्या बाजूचा आहे, बाबा. मी कशाला माल भरू?”

“मी मागवली,” डोलोरेस म्हणाली. ती सुट्या भागांच्या खिडकीतून बाहेर आली होती. बावीस वर्षं ती त्या खिडकीमागे बसत होती. गावातल्या कुठल्या गाडीचा कुठला पंखा कधी मोडणार, हे गाडीच्या मालकाआधी तिला कळायचं.

“गिऱ्हाईक कोण?”

“येईल.”

“येईल हे नाव झालं. आडनाव सांग.”

डोलोरेस पावतीवर सही करायला ट्रकवाल्याकडे वळली. रेजिस हसला. “म्हणजे गिऱ्हाईक नाहीच! डोलो, गावातली पोलादाची गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली. लोक टायर बदलायचे तर एकेक करून बदलतात. आणि तू मागवलीस काय, तर दोन माणसांची गाडी! हिच्या किमतीत दोन स्टेशन वॅगन येतात.”

“तुझ्या दोन वॅगन वर्षभर कोपऱ्यात उभ्या आहेत, रेजिस. एकीत चिमण्यांनी घरटं केलंय.”

ओन्द्रेयने प्लास्टरचा हात वर केला. तो वर गेला की भांडण थांबायचं, कारण कुणाला तरी लागायची भीती असे. आज संध्याकाळी लिपर्टला उत्तर द्यायचं होतं. हायवेवर सहा दुकानं असलेला लिपर्ट सातवं म्हणून ग्रेश्कोंचं नाव, जागा आणि कंपनीची डीलरशिप घ्यायला तयार होता. रेजिसनेच त्याला आणलं होतं. ओन्द्रेयने अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायला त्याला कारणही सापडत नव्हतं.

इतक्यात वर्कशॉपच्या दारातून सिरिल बाहेर आला. हा ओन्द्रेयचा धाकटा भाऊ. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि शीळ घातली.

ओन्द्रेयचा चेहरा बदलला. “रेजिस, तुझ्या काकाला सांग, गाडीला हात लावू नकोस म्हणावं.”

“काका, बाबा म्हणतात—”

“ऐकलं. तुझ्या बापाला सांग, मी फक्त डोळे लावतोय.”

दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नसत. अठरा वर्षं झाली. त्याआधीच्या काळात सिरिलने याच वर्कशॉपमध्ये लहानशा गाड्यांत ट्रकाएवढी इंजिनं बसवली होती. ‘ग्रेश्को स्पेशल’ म्हणून त्या ओन्द्रेयच्याच काचेआडून विकल्या जायच्या. तीन जिल्ह्यांतली तरणी पोरं रांग लावून उभी असत, आणि चौदा वर्षांची डोलोरेस गाडीखाली सिरिलकाकाला दिवा धरत असे. मग एक दिवस सिरिलने कंपनीच्या विभागीय साहेबांना चक्कर मारायला नेलं. साहेब परत आले, पण ओढ्यातून चालत, आणि टोपीशिवाय. डीलरशिप जाता जाता राहिली. पुढे विम्याच्या कंपन्यांनी असल्या गाड्यांचा विमा काढणंच सोडलं, मग पेट्रोल कडाडलं, आणि ‘स्पेशल’ संपल्या. पण ओन्द्रेयच्या मते त्या ओढ्यातच संपल्या होत्या.

“बाबा, ऐकून तरी घ्या,” डोलोरेस म्हणाली. “काका जे चोरून करायचे, ते आता कंपनी उजळ माथ्याने करते. आपण मागणी नोंदवताना एका चौकोनात खूण करायची, बस्स. गाडी कारखान्यातून निघते आणि थेट न्यू हॅम्पशायरला टिलिंगच्या शेडमध्ये जाते. टिलिंग तिच्या इंजिनाला दोन टर्बो बसवतो आणि आपल्याकडे पाठवतो. गाडीची हमी कंपनीची, टर्बोची टिलिंगची. पण गाडी मिळते फक्त ज्याने परवानगी घेतलीय त्या डीलरकडे. चार जिल्ह्यांत एकच दुकान चालेल म्हणाले. मी आधी विचारलं, म्हणून ते आपण आहोत.”

“टर्बो म्हणजे नक्की काय गं?” स्वयंपाकघराच्या दारातून पाउलीनाने विचारलं.

“इंजिनाचा धूर वाया जातो ना, पाउलीना,” सिरिल उत्साहाने पुढे आला, “त्याच्यावर एक चक्री फिरते. ती चक्री इंजिनाच्या घशात हवा कोंबते. जास्त हवा, जास्त भूक, जास्त पळ. या बाईला अशा दोन आहेत.”

“म्हणजे घरातल्या पुरुषांसारखंच. वाफ वाया जाते, पण इथे तिचा उपयोग तरी करतात.” तिने घड्याळाकडे पाहिलं. “ओन्द्रेय, कोट घाल. उद्याच्या जेवणाची टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचीय, उशीर होतोय.”

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. ट्रकचा उतार, म्हणजे गाडी उतरवायची लोखंडी फळी, खाली आला होता तो वर जायला तयार नव्हता. ट्रक आवाराच्या फाटकात आडवा अडकला होता. ट्रकवाला त्या उताराला लाथा घालत होता आणि मधूनमधून पवित्र शनिवारी काढू नयेत असे शब्द काढत होता. ओन्द्रेयची वॅगन, रेजिसची सेडान, सिरिलचा जुना ट्रक, सगळं त्याच्या मागे बंदिस्त. उतार रस्त्याच्या बाजूला होता, म्हणून बाहेर मोकळी उभी होती ती फक्त पिवळी.

“मी सोडते तुला, आई,” डोलोरेस म्हणाली.

“आणि टोपली कोण धरणार? तिला मागची सीट नाही.”

“तू धर.”

“मी धरली तर तुझे वडील कसे येणार? ते चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष. फादर मेथोडकडे सगळ्यांत आधी आपली टोपली असते, पंचवीस वर्षं.” पाउलीनाने एप्रन सोडला. “ओन्द्रेय टोपली धरेल. किल्ली दे.”

“आई, तू?”

“युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात साडेतीन टनी ट्रक कोण चालवत होतं? तुझे वडील की काय? ते पायदळात होते. नावातच पाय आहे.”

डोलोरेसने किल्ली दिली. ही गाडी म्हणजे तिची सगळी पुंजी होती. आत्तापर्यंत तिने घरात एकदाही आवाज चढवून काही मागितलं नव्हतं.

“हळू, पाउलीना,” सिरिल म्हणाला. “पाय दाबलास की आधी काही होणार नाही. वाट बघ. मग होईल.”

“काय होईल?”

“कळेल.”

*

ओन्द्रेयला गाडीत बसवायला दोन माणसं लागली. गाडी इतकी खाली होती, की आपण बसलोय की पडलोय हे त्याला कळेना. मांडीवर टोपली. टोपलीत हॅम, क्लोबासा सॉसेज, पास्का, रंगवलेली अंडी, लोण्याचं कोकरू आणि काचेच्या वाडग्यात ख्रेन, म्हणजे बीट घातलेली ती लालभडक चटणी, जिच्या नुसत्या वासाने माणूस आपली पापं आठवतो. वर पाउलीनाच्या आईने भरतकाम केलेला रुमाल.

पहिला अर्धा मैल पाउलीनाने वॅगन चालवतात तशी चालवली. ओन्द्रेयला बरं वाटलं.

“बघ,” तो म्हणाला, “उगाच आरडाओरडा. अगदी साधी गाडी आहे. टिलिंगने आपल्या पोरीला फसवलं.”

“असं म्हणतोस?” गिरणीच्या भिंतीला समांतर रस्ता सरळ होता आणि रिकामा. एकेकाळी पाळी सुटली की इथे पाय ठेवायला जागा नसे. पाउलीनाने पाय दाबला.

काही झालं नाही.

“म्हटलं नव्हतं?” ओन्द्रेय म्हणाला. “दोन टर्बो म्हणे! मी लिपर्टला आजच—”

पुढून कुठूनतरी शिट्टी वाजली, किटलीसारखी, मग दोन किटल्यांसारखी, आणि ओन्द्रेयचं डोकं मागे चिकटलं. गिरणीची भिंत, जी ओलांडायला त्याच्या बापाला रोज पंधरा मिनिटं लागत, ती संपली. त्याला ओरडायचं होतं, पण तोंड उघडलं तर काहीतरी आत जाईल असं वाटलं.

पाउलीना मात्र हसत होती. हे हसू त्याला ओळखीचं होतं, पण कुठलं ते आठवेना. मग आठवलं. कारखान्याच्या फाटकातून ट्रक बाहेर काढणारी एक मुलगी, डोक्याला फडकं बांधलेली. रजेवर आलेला तो रस्त्याच्या कडेला उडी मारून वाचला होता. असं त्यांचं जमलं होतं.

“पाउलीना! वळण!”

तिने वळण घेतलं. गाडीने वळण घेतलं. टोपलीनेही बरंचसं घेतलं. ख्रेनच्या वाडग्याने मात्र घेतलं नाही.

*

चर्चच्या आवारात लोक टोपल्या मांडून उभे होते. फादर मेथोडने पाण्याचं भांडं हातात घेतलं होतं. तेवढ्यात शिट्टी वाजवत एक पिवळी गाडी आली, थांबली, आणि तिच्या काचेआड ग्रेश्कोंचा ओन्द्रेय लालभडक होऊन निश्चल बसलेला दिसला. कपाळ, चष्मा, पांढरं प्लास्टर, गाडीचं छत, सगळं लाल.

कुणीतरी किंचाळलं. सगळ्यांत आधी धावला यानोशिक, गावचा अंत्यविधी करणारा. इतक्या वर्षांची सवय. पाय आपसूक वळले. वळता वळता त्याने टोपीही काढली.

“ओन्द्रेय, बाबा रे!” तो काचेशी वाकला.

“बीट आहे,” ओन्द्रेय म्हणाला.

यानोशिकने टोपी परत घातली. त्याच्या तोंडावर क्षणभर जे दिसलं ते सुटकेचंच असावं.

पाउलीना उतरली आणि तिने केस नीट केले. “फादर, त्यांना तसंच राहू द्या. उठवायला दोन माणसं लागतात. इथेच द्या आशीर्वाद.”

फादर मेथोडने टोपलीकडे पाहिलं. लोण्याच्या कोकराची मान गेली होती. अंड्यांचं काय झालं ते विचारायची सोय नव्हती. पण देवापुढे सगळं सारखं. त्याने मनापासून प्रार्थना म्हटली आणि पाणी शिंपडलं. काही टोपलीवर पडलं, काही ओन्द्रेयवर, काही छतावर.

रेजिस हे सगळं चर्चच्या फाटकातून पाहत होता. तो आणि डोलोरेस शेजाऱ्याच्या गाडीतून मागोमाग आले होते. त्याला वाटलं, संपलं. दोन मैलांत गाडीची वाट लागली. आता बाबा संध्याकाळी लिपर्टला फोन करतील. आपण म्हणत होतो तेच झालं. आपल्याला आनंद व्हायला हवा.

मग त्याने यानोशिकचा हात पाहिला. तो गाडीच्या बॉनेटवर होता आणि हळूहळू फिरत होता, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा.

सोळा वर्षं रेजिस गाड्या विकत होता, आणि गेली तीन वर्षं न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या काचा पुसत होता. असा हात त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तो गर्दीतून पुढे झाला. आपण का जातोय हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“मिस्टर यानोशिक, आवाज ऐकलात?”

“शिट्टीसारखं काहीतरी.”

“दोन आहेत. एक डाव्या कानाला, एक उजव्या.”

“मला काय करायचीय, रेजिस. माझं वय बघ. माझा धंदा बघ.”

“धंदाच तर बघतोय.” रेजिसने आवाज खाली आणला. “तुम्ही तीस वर्षं ताशी दहा मैलांनी गाडी चालवलीत. अख्खं गाव तुमच्या मागे रांगेत. कधी कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एकदा तरी अशी चालवा, की मागे कोणीच उरणार नाही.”

यानोशिकने हात बॉनेटवरून काढला नाही. गिरणी बंद झाल्यापासून गावात एकच धंदा बरा चालला होता, आणि त्याबद्दल त्याला रोज थोडी लाज वाटत असे.

“मॅग्डाला काय सांगू?” त्याने शेवटी विचारलं. मॅग्डा त्याची बायको.

“सांगा, गाडीत फक्त दोनच जागा आहेत. एक तुमची, एक तिची. गिऱ्हाइकाला जागा नाही.”

यानोशिक हसला. त्याला हसताना पाहून दोन बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

“काळ्या रंगात लगेच मिळेल,” रेजिस म्हणाला.

“काळी? घरात तीन आहेत काळ्या! निळी. आकाशासारखी.”

“डोलो!” रेजिस वळून ओरडला, आणि त्या ओरडण्यात लहानपणी ओढ्यात मासा सापडल्यावरची हाक होती. “निळी मिळते का गं?”

डोलोरेस गर्दीत उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली.

*

संध्याकाळी ट्रक एकदाचा निघाला. सिरिल आणि डोलोरेस गाडीच्या छताला आतून लागलेलं बीट पुसत होते, तेवढ्यात पाउलीना धावत आली. “ते फडकं टाकू नका! आशीर्वाद झालेला आहे, कचऱ्यात जाता कामा नये. जाळायचं.”

“पाउलीना, छताला लागलंय ते?”

“तेही पवित्र आहे.”

“मग छत जाळू?”

ओन्द्रेय दारात उभा होता. आंघोळ करूनही कानांच्या पाळ्या गुलाबी राहिल्या होत्या. तो पुढे आला, वाकून गाडीखाली पाहायचा प्रयत्न केला, आणि सिरिलकडे बघून थेट म्हणाला, “वाट बघायला लागते ती का?”

सिरिलचा हात थांबला.

“चक्रीला वेग यायला वेळ लागतो,” सिरिल म्हणाला.

“तेव्हाच सांगायचंस ना, गाढवा. साहेबांना ओढ्यात घालायच्या आधी.”

“तेव्हा टर्बो नव्हता. तेव्हा साहेबच स्टिअरिंगला लटकले होते. तू विचारलंस कधी?”

“तू सांगितलंस कधी?”

“तू बोलत कुठे होतास!”

मग दोघे इतके भांडले, की शेजारची खिडकी उघडली. अठरा वर्षांचं साठलेलं होतं, त्यात साहेबांची टोपी होती, आईच्या आजारपणातली रात्रपाळी होती, कुणीतरी हरवलेला पाना होता. पाउलीनाने दोघांना तसंच सोडलं आणि आत जाऊन भट्टी बंद केली. उद्याचा दुसरा हॅम करपू नये एवढंच तिच्या हातात होतं.

लिपर्टला फोन कोणी करायचा, असा प्रश्न आला तेव्हा ओन्द्रेयने रेजिसकडे बोट दाखवलं. “तू आणलास, तूच पोचव.”

रेजिसने फोन लावला. “मिस्टर लिपर्ट? हो, विकली... नाही, दुकान नाही. गाडी.” तो थोडा वेळ ऐकत राहिला. “तशी तुम्हाला मिळायची नाही. आमच्याकडूनच घ्यावी लागेल.” फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “त्याने रंग विचारले.”

*

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे टेबलाभोवती बसले. मानेविना कोकरू मधोमध होतं. मान शेजारी बशीत. टोपलीतल्या अंड्यांपैकी एकच धड राहिलं होतं.

प्रार्थनेनंतर पहिलं काम ठरलेलं: आशीर्वादाचं अंडं कापून घरातल्या प्रत्येकाला एकेक फोड द्यायची, आणि ते घरातल्या कर्त्याने करायचं. ओन्द्रेयने डाव्या हातात सुरी घेतली. सगळे थांबले. त्याने अंड्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं.

“थांबा, मी धरतो,” रेजिस म्हणाला.

“धरायचं नाहीये.” ओन्द्रेयने सुरी टेबलावरून सरकवली. ती मिठाला वळसा घालून डोलोरेसच्या पानापाशी थांबली. “दुकान ज्याने हाकायचं, त्याने कापायचं. सोमवारपासून तू आतल्या टेबलाला बस. त्या खिडकीमागे दुसरं कुणीतरी बघ. रेजिस, तू बाहेर. विकायला. तुझ्या जिभेला घरात बसवलं ही माझीच चूक.”

“माझ्या जिभेला पगार वाढवून मिळेल का?” रेजिसने विचारलं.

“ते तिला विचार.”

डोलोरेसने सुरी उचलली. एकाच अंड्याच्या पाच फोडी करायच्या होत्या. तिने हात स्थिर केला आणि कापलं. फोडी पातळ झाल्या, पण पाचही झाल्या.

पहिली फोड तिने वडिलांसमोर धरली.

घर मांडल्यापासून ओन्द्रेयने ही फोड फक्त दिली होती. घ्यायची कशी ते त्याला आठवेना. त्याने डावा तळहात पुढे केला, मागे घेतला, बंडीला पुसला आणि पुन्हा पुढे केला. डोलोरेसने फोड त्यावर ठेवली.

“ख्रिस्त उठला,” ती म्हणाली.

“खरंच उठला,” तो म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पाउलीनाला म्हणाला, “यंदा ख्रेन जरा जास्तच तिखट झालंय.”

टेबलावर ख्रेन नव्हतं. पाउलीनाने त्याला मीठ दिलं.